उजवीकडून उघडायची वही

(तालुक्याच्या वाचनालयात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त झालेलं व्याख्यान. बोललेलाच मजकूर, थोडा सावरून.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची कार्यकारिणी आणि सकाळपासून भुरभुर चालू असूनही आलेल्या माय-बहिणींनो, भावांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बातम्या आणि नागरिकांचा सहभाग'. त्यावर मी बोलणार आहे. पण आधी ही वही बघा. मागच्यांना दिसतीय का? शंभर पानी, साधी, शाळेतल्या पोरांची असते तशी. कोपरे पाण्यानं फुगलेत. ही उजवीकडून उघडते, कारण जिनं ही वही भरली ती व्यक्ती उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली होती. गल्ल्यांची नावं उर्दूत लिहिलीत, वेळा मराठी आकड्यांत. आणि मधेमधे शेरे आहेत, ते मराठी-उर्दू जसं तोंडात आलं तसं.

ही पालिकेच्या पाणीपुरवठ्यातल्या एका वॉलमनची, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या माणसाची वही. गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही चाचाच म्हणतो. तालुका वार्ताहर म्हणून मी अठ्ठावीस वर्षं पालिकेच्या सभांना बसलो. तिथं कळलं नाही ते मला या वहीनं शिकवलं.

तेव्हा आपल्याकडं नवव्या दिवशी पाणी यायचं. रोटेशनचा कागद कार्यालयात भिंतीला चिकटवलेला असायचा: अमुक प्रभाग, अमुक तास. चाचांच्या वहीत त्या कागदाच्या पलीकडचं गाव होतं. एका पानावर लिहिलंय, 'बाळंतीण आली, अर्धा तास जास्ती.' दुसऱ्या पानावर, 'लग्न, हौद भरू द्या.' एका पानावर नुसतं 'मयत' लिहून वेळ बदलली आहे. रमजानमध्ये काही गल्ल्यांची वेळ सहरीच्या आधीची केलेली, आणि त्याच महिन्यात मारुतीच्या गल्लीत सप्ता होता तर तिथली वेळ पहाटेच्या काकड्याच्या आधीची. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खांद्यावर लोखंडी पान्हा टाकून माणूस रात्री दोनला निघायचा आणि उजाडेपर्यंत चालायचा. मी एकदा विचारलं, "चाचा, हे सगळं ध्यानात कसं राहतं?" ते म्हणाले, "भैया, ध्यानात राहत नाही म्हणून तर लिहितो."

चाचा निवृत्त झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात वरच्या आळीचं पाणी बंद झालं. नऊ दिवस गेले, अकरा झाले, पंधरा झाले. टाकीत पाणी होतं, मोटार चालू होती, आळीला थेंब नाही. झालं होतं असं, की मधल्या काळात तिथं सिमेंटचा रस्ता झाला होता आणि व्हॉल्व्हची चेंबरं रस्त्याखाली गाडली गेली होती. कार्यालयातल्या नकाशात लाइन रस्त्याच्या पूर्वेला दाखवलेली. दोन ठिकाणी रस्ता फोडला, खाली मुरूम निघाला. तिसऱ्यांदा फोडायला आळीतल्या बाया आडव्या झाल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. नवा रस्ता होता तो.

मग कुणीतरी चाचांना बोलावलं. ते वही घेऊन आले. वहीत होतं, 'पारापासून बेचाळीस पावलं, गिरणीच्या पायरीसमोर.' अभियंता तरुण होता, चांगला उंच. तो पारापासून बेचाळीस पावलं चालला आणि गिरणीच्या पुष्कळ पुढं जाऊन उभा राहिला. (हशा) चाचा म्हणाले, "बेटा, पावलं माझी हायती." मग ते स्वतः चालले. बुटके होते ते, पावलं लहान. बेचाळीसावं पाऊल पडलं ते बरोबर पायरीच्या समोर, रस्त्याच्या पश्चिमेला.

रस्ता फोडायला वडार समाजातलं एक जोडपं आलं होतं. नवरा घण मारत होता, बायको पहारीनं तुकडे उचलत होती. ही गोष्ट मी अगदी चार फुटांवरून पाहिली आहे. एक घाव बसला आणि ती बाई पटकन म्हणाली, "थांबा, आवाज पोकळ आलाय." आम्हा कुणालाच फरक कळला नव्हता. तिथून पुढं तिनं घण बाजूला ठेवायला लावला आणि छिन्नीनं, हळूहळू, चेंबरचं झाकण न फुटता मोकळं केलं. घण तसाच चालला असता तर झाकण व्हॉल्व्हवर पडलं असतं. चाचांनी पान्हा लावला, दोघांनी मिळून फिरवला, आणि खालून पाण्याचा जो आवाज आला ना, आळीतली पोरं नाचायला लागली.

आता बातमी ऐका. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'मुख्याधिकाऱ्यांच्या तत्परतेमुळे पाणीपुरवठा सुरळीत.' ती बातमी मीच पाठवली होती. प्रेसनोट आली, ती पुढं ढकलली. सोबत चाचांवर आणि त्या बाईवर तीनशे शब्दांचा वेगळा मजकूर पाठवला होता. डेस्कवरून निरोप आला, जागा नाही. त्या दिवशी त्या पानावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात होती. याचं दुःख मला आजही आहे. मी भांडायला पाहिजे होतं, मी भांडलो नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत तरी काही होईल असं वाटलं. सभेचा पहिला विषय तुम्हाला माहीत आहे, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' हा विषय आला की निम्मं सभागृह चहाला उठतं. पण सगळ्यात मोठा विषय तोच आहे. इतिवृत्तात जे लिहिलं ते सरकारी दृष्टीनं घडलं, जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. त्या सभेत अभिनंदनाचे चार ठराव झाले. एक महामंडळावर नेमणूक झाल्याबद्दल, एक पक्षात पद मिळाल्याबद्दल, बाकीचे दोन आता आठवत नाहीत. चाचांचं नाव 'ऐनवेळचे विषय' यात येईल म्हणून मी शेवटपर्यंत बसलो. आलं नाही. कामाच्या बिलात त्या जोडप्याचा उल्लेख होता तो असा, 'खोदकाम, मजूर दोन.'

माझं म्हणणं सगळं इथून सुरू होतं. आपण म्हणतो गाव अठरापगड जातींचं आहे. भाषणात म्हणतो, मिरवणुकीत म्हणतो. पण गाव चालतं कसं, हे लिहून ठेवायची वेळ आली की त्यातल्या सतरा पगड गळून पडतात.

आज मुक्तिसंग्रामाचा दिवस आहे म्हणून एक सांगतो. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. माझी आजी पुढंही कित्येक वर्षं पालिकेला 'बलदिया'च म्हणायची. बलदियात जाऊन ये, बलदियाचा माणूस आला होता. आपले जुने जमिनीचे कागद आजही उर्दूत आहेत आणि ते वाचून देणारा माणूस तहसीलबाहेर बसतो. अशी माणसं आता थोडी राहिलीत. त्या एकेका कागदावर कुणाची तरी शेती उभी आहे. तो वाचून देणारा माणूस स्थानिक कारभाराचा भाग नाही तर काय आहे?

आणि पाण्याचं म्हणाल तर औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हा खडकी होतं. मलिक अंबर आफ्रिकेतून, हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं त्या शहराला जमिनीखालून पाणी आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उताराच्या जोरावर. नहर-ए-अंबरी. मराठवाड्यातल्या नगररचनेची गोष्ट सांगायची तर समुद्रापलीकडून आलेल्या या माणसापासून सुरू करावी लागते. वजीर होता म्हणून त्याचं नाव तरी नहरीला राहिलं. ती खोदणारे हात कुणाचे होते, त्यांची नावं कुठं आहेत?

अलीकडचं घ्या. एप्रिल २०१६, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली, आणि व्हायलाच पाहिजे होती. पण त्या पाण्याच्या पुढच्या प्रवासावर, स्टेशनपासून गल्लीपर्यंत टँकर नेणाऱ्या ड्रायव्हरांवर, रात्रभर पाइप जोडणाऱ्यांवर किती ओळी आल्या? नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचा लंगर रोज चालतो, कुणी उपाशी परत जात नाही. त्याची बातमी आपण वर्षातून एकदा सणाला देतो. उसाच्या फडात जाणाऱ्या बीडच्या बंजारा, वंजारी बायांच्या गावात वर्षातले पाच-सहा महिने ग्रामसभेला माणूसच नसतं, मग त्या गावाचे ठराव कोण करतं, हा प्रश्न बातमीचा नाही का?

चिठ्ठी आली आहे. सचिव म्हणतात, सात मिनिटं. बरं. ज्या विषयासाठी बोलावलं तो आता पळत पळत सांगतो, कृपा करून थोडं लक्ष द्या.

७४ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली. तिच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, सफाई, दफनभूमी-दहनभूमी, कोंडवाडा, जन्म-मृत्यूची नोंद हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच यादीत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हाही विषय आहे. म्हणजे गावातल्या वेगवेगळ्या समाजांनी गावासाठी काय केलं याची नोंद ठेवणं, त्यांचा सन्मान करणं, हे पालिकेच्या कामातच येतं. कुणी मेहरबानी करायची गरज नाही. मुख्याधिकारी म्हणाले तरतूद नाही, तर ही अनुसूची त्यांच्यापुढं ठेवा.

दुसरं, माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४. कारभाराची माहिती पालिकेनं मागायची वाट न बघता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. विषयपत्रिका, इतिवृत्त, अंदाजपत्रक या तीन गोष्टी या वाचनालयाच्या टेबलावर दर महिन्याला याव्यात, एवढा एक अर्ज आज इथूनच करूया. वार्ताहर मित्रांना सांगतो, भांडणाची बातमी सगळ्यांकडं असते, तुम्ही इतिवृत्त वाचा. बिलं बघा. 'मजूर दोन' दिसलं की ते दोन कोण, हे विचारायला जा.

तिसरं, खेड्यातल्या मंडळींसाठी. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानं घ्याव्याच लागतात, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायांसाठी आहेत. त्या महिला सभेत जे बोललं जातं ते मोठ्या सभेच्या इतिवृत्तात उतरलं का, एवढं फक्त तपासा. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, गटार काढणारे, स्मशानात लाकडं रचणारे, कबर खोदणारे, यांतल्या एकाचा तरी अभिनंदनाचा ठराव प्रत्येक सभेत घ्या. सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं रीतसर लिहा.

आणि एक, हे घाईत सांगायचं नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. फार योग्य निर्णय. आपल्याकडंही वडारवाडीची पाटी बदलली, मला आनंद झाला. जातीनं हाक मारून घेण्यात कुणाला कसला मान? पण आपल्या बाजारातली जुनी फरशी, वेशीचा दगड, नदीचा घाट घडवणारी माणसं त्या वस्तीतली होती. पाटी बदलताना ही माहिती कुठं लिहिली का आपण? नवीन नावाच्या पाटीखाली दोन ओळी, या वस्तीनं गावासाठी काय उभं केलं. तेवढा ठराव मला या वर्षी हवाय. नगरसेवक बसलेत समोर, दोघे-तिघे दिसतायत. भाऊ, सूचक तुम्ही व्हा.

चाचा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. दुखवट्याचा ठराव झाला नाही, मी इतिवृत्त तपासलं. ही वही त्यांच्या मुलीनं माझ्याकडं दिली आणि वाचनालयात ठेवायला परवानगीही दिली. त्या आज आल्यात, तिसऱ्या रांगेत बसल्यात. ताई, पुढं या. वही तुमच्याच हातानं ग्रंथपालांकडे द्या. आणि मॅडम, दाखल करताना नोंदवहीत एवढं लिहा, उजवीकडून उघडायची, आणि बेचाळीस पावलं ती चाचांची.