दुधाचे दात आणि काशाचं भांडं

अध्यक्षसाहेब आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय आहे उर्सुला फ्रँकलिन यांचा तंत्रज्ञानविचार. दारातच एका गृहस्थांनी मला विचारलं, ‘पतंग उडवून वीज पकडणाऱ्या फ्रँकलिनच्या या कोण?’ कोणी नाहीत. या बाई 1921 साली म्युनिकला जन्मल्या, 2016 साली टोरांटोला वारल्या आणि पेशानं आपल्यातल्याच, म्हणजे धातूवाल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतली, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारी, निम्मी मंडळी समोर दिसतायत, त्यामुळे ओतकाम म्हणजे काय हे सांगण्यात वेळ घालवत नाही. इतरांनी एवढंच लक्षात ठेवा की आमच्याकडे ‘रस’ म्हणजे वितळलेला धातू. पांढऱ्या रश्श्याची आठवण काढू नका, अजून जेवणाला अवकाश आहे.

आई ज्यू, म्हणून नाझींच्या काळात बाईंना शिक्षणातून काढलं. आईवडील छळछावणीत, ही एकुलती एक मुलगी सक्तमजुरीवर, बॉम्बनं पडलेल्या इमारती दुरुस्त करायला. तिघंही वाचले. भौतिकशास्त्रच का धरलं, याचं त्यांनी सांगितलेलं कारण मला फार आवडतं. इतिहास सत्ताधाऱ्यांना हवा तसा लिहून घेता येतो, निसर्गनियमाला मात्र त्यांचा हुकूम चालत नाही, याचा त्यांना त्या वयात छुपा आनंद व्हायचा. 1948 ला बर्लिनमधून डॉक्टरेट, 1949 ला कॅनडा. पुढे ऑंटारिओ रिसर्च फाउंडेशनमध्ये 15 वर्षं आणि 1967 ला टोरांटो विद्यापीठाच्या धातुशास्त्र विभागात पहिल्या महिला प्राध्यापक.

आता दातांची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच मी या व्याख्यानाला हो म्हटलं. 1950 नंतरच्या काळात अमेरिका आणि रशिया उघड्यावर अणुस्फोट करत होते. त्यातून स्ट्रॉन्शियम-90 हा किरणोत्सारी पदार्थ हवेत जायचा आणि पावसाबरोबर गवतावर पडायचा. गवत गाईच्या पोटात, गाईचं दूध पोराच्या पोटात. स्ट्रॉन्शियम हे रसायनाच्या हिशेबानं कॅल्शियमचं चुलतभावंड. शरीराला फरक कळत नाही, ते त्याला हाडात आणि दातात नेऊन बसवतं. वर त्याची निम्मी ताकद उतरायलाच 29 वर्षं लागतात. सरकारं म्हणत होती, काळजीचं कारण नाही. मोजायचं कसं? जिवंत पोराचं हाड कोण कापून देणार? पण दुधाचा दात पडतोच. आपल्याकडे तो कौलावर फेकतात, तिकडे उशीखाली ठेवतात. अमेरिकेत सेंट लुईसला आधीच तशी मोहीम सुरू होती. कॅनडात ‘व्हॉइस ऑफ विमेन’ या शांततावादी बायकांच्या संघटनेनं दात गोळा केले आणि फ्रँकलिनबाईंनी त्यातलं स्ट्रॉन्शियम मोजण्याचं काम हाती घेतलं. विचार करा, कुठल्या खात्याचा आदेश नाही. आया पाकिटात दात घालून पाठवतायत. सोबत पोर कधी जन्मलं, कुठे वाढलं, ही माहिती. 1963 ला अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी उघड्यावरच्या स्फोटांवर बंदीचा करार केला. त्यामागे कारणं पुष्कळ होती, पण या दातांनी लोकमत हलवलं, यात शंका नाही.

खात्याचा आदेश नाही म्हटलं, त्यावरून आठवलं, पेन्शनसाठी लागणारा माझा हयातीचा दाखला. मिस्त्री म्हणून जन्म वाळू चाळण्यात गेला, बोटांच्या रेषा झिजल्या. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. समोरचा पोरगा शहाणा, मला लहानपणापासून ओळखतो. म्हणाला, ‘काका, सिस्टीम घेत नाही.’ म्हटलं, बाळा, तू तर घेतोस ना? मी तुझ्या बारशाला जेवलोय. तो हसला, पुन्हा म्हणाला, ‘सिस्टीम घेत नाही.’ दुसरं बोट, तिसरं बोट, बोट पुसून, बोट ओलं करून. मी जिवंत आहे हे त्याला माहीत, मला माहीत, मागच्या रांगेला तर माझ्या खोकल्यावरून माहीत. पण ते लिहायला त्या पोराला जागाच ठेवलेली नव्हती. राग त्याचा नाही आला. हे काम असं कोणी मांडलं, त्याचा आला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

मग मुख्य मुद्दा. 1989 ला कॅनडाच्या रेडिओवर बाईंनी मॅसी व्याख्यानं दिली, त्यात तो आहे. तंत्रज्ञान म्हणजे यंत्र नव्हे, काम करण्याची रीत. रीती दोन. एक एकहाती: तांबट पत्र्यापासून घंगाळापर्यंत स्वतः ठोकतो, पुढचा घाव कुठे हे तोच ठरवतो. दुसरी वाटून दिलेली: प्रत्येकाच्या वाट्याला एक तुकडा आणि तो कसा करायचा हेही वरूनच ठरलेलं. ही दुसरी रीत कारखान्यांबरोबर आली असं आपण धरून चालतो. बाईंनी प्राचीन चीनमधली शांग काळातली काशाची भांडी तपासली होती. एक चौकोनी भांडं तर 832 किलोचं आहे! फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको: नमुना एकाचा, मातीच्या साच्याचे तुकडे दुसऱ्यांचे, आतली पोकळी राखणारा कोअर तिसऱ्याचा, रस एकाच वेळी अनेक भट्ट्यांचा, आणि रस ओतल्यावर फेरविचार नाही. भांडं पाहून बाईंनी ओळखलं की इथे तीन हजार वर्षांपूर्वी माणसांना हुकमाप्रमाणे वागायची सवय लावली गेली होती. धातूबरोबर आज्ञाधारकपणाही ओतला जात होता. आज ती सवय कारखान्याबाहेर, दवाखान्यात, शाळेत, त्या अंगठ्याच्या यंत्रापाशी आलीय.

माझं बाईंशी एका जागी जमत नाही. एकहाती कामातही आमचा जुना मिस्त्री हुकूमच द्यायचा, तोही कानफटात. पण का मारली हे तो सांगायचा, आणि चार वर्षांनी ते काम माझं व्हायचं. वाटून दिलेल्या कामात ती चार वर्षं कधी संपतच नाहीत.

भराभर सांगतो. कुठलीही नवी योजना आली की बाई विचारायला सांगतात: यानं न्याय वाढतो का? बोलणं दोन्ही बाजूंनी होतं का? यंत्रापेक्षा माणसाला झुकतं माप आहे का? आणि चुकलं तर मागे फिरता येतं का? त्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या होत्या, युद्धविरोधी, आणि भांडायला पक्क्या. ऐंशीच्या घरात असताना स्वतःच्याच विद्यापीठावर दावा लावला: बायकांना पगार कमी दिला, म्हणून पेन्शनही कमी. 2002 ला तडजोड झाली आणि सुमारे 60 निवृत्त प्राध्यापिकांची पेन्शन वाढली. त्या दाव्याबद्दल बोलायचं होतं, पण अध्यक्षसाहेब उठून उभेच राहिलेत, तेव्हा ते चहाच्या वेळी विचारा.