लॉकमोरची पोरं दोन्ही खेळतात

ही वाकड्या पात्याची काठी म्हणजे हर्ली, हर्लिंग या आयरिश खेळाची काठी. अ‍ॅश झाडाच्या बुंध्याचा अगदी खालचा, मुळाकडे वळणारा भाग घेऊन ती कापतात. तिथे लाकडाच्या रेषाच वळलेल्या असतात, त्यामुळे पात्याला जोर येतो. आता चेंडूकडे बघा. गोलच्या आडव्या दांड्यावरून गेला तर एक गुण, खाली जाळ्यात गेला तर तीन.

हे आयर्लंडच्या टिपररी परगण्यातलं लॉकमोर. शेजारचं कॅसलायनी धरून दोन्ही गावांचा क्लब एकच. जवळच्या थर्ल्समध्ये, हेज हॉटेलात, 1 नोव्हेंबर 1884 रोजी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. इंग्रजांच्या राज्यात आपले खेळ आपणच जपायचे, हा तिचा निर्धार होता.

चर्चच्या आवारातल्या या छोट्या दगडी वास्तूत दोन शवपेट्या आहेत. विल्यम आणि डॅनियल कॉर्मॅक, सख्खे भाऊ. जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या खुनाचा आरोप ठेवून त्यांना 1858 मध्ये फाशी दिलं. गावाने त्यांना कधीच गुन्हेगार मानलं नाही. 1910 मध्ये त्यांचे अवशेष उकरून इथे आणले. दहाच वर्षांनी, 21 नोव्हेंबर 1920 रोजी, डब्लिनच्या क्रोक पार्कवर टिपररीचा गेलिक फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊनही खेळतात तो आयरिश फुटबॉल) सामना चालू असताना ब्रिटिशांच्या सशस्त्र पोलिसांनी गोळीबार केला. त्या संघात इथलीही पोरं होती. चौदा माणसं गेली.

परगण्याचं फुटबॉल विजेतेपद इथे जुनंच. हर्लिंगचं पहिलं मात्र थेट 1988 मध्ये आलं. दोन्ही खेळ एकत्र कशाला, एक निवडा, असं मोठमोठे प्रशिक्षक सांगतात. लॉकमोर ऐकत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. गाव एवढंसं, हर्लिंगच्या आणि फुटबॉलच्या संघात बहुतेक तीच पोरं. या रविवारी हर्ली हातात, पुढच्या रविवारी मोठा चेंडू. पैसा कुणालाच मिळत नाही.

2013 मध्ये त्यांनी एकाच वर्षी दोन्ही करंडक जिंकले. 2020 मध्ये दोन्ही अंतिम सामने हरले. 2021 मध्ये दोन्ही परत आणले.

हा नोएल मग्रा. 2010 ते 2025 मध्ये टिपररीबरोबर चार वेळा अखिल आयर्लंड हर्लिंग विजेता. जॉन आणि ब्रायन हे त्याचे भाऊ. तिघेही गावासाठी हर्लिंगबरोबर फुटबॉलही खेळले.