हातात घेऊन पाहायचा टूथब्रशचा इतिहास

श्रोतेहो, नमस्कार. संग्रहालयात शिरल्यावर काचेच्या पेटीतल्या वस्तू दुरूनच पाहायच्या, हे आपल्या अंगवळणी पडले आहे, आणि जुनी नाणी किंवा हस्तलिखिते यांच्या बाबतीत ते योग्यही आहे. टूथब्रशचे तसे नाही. तो काचेआड ठेवला की त्याच्याबद्दलचे निम्मे सांगायचेच राहून जाते, कारण त्याचे सगळे मर्म हाताच्या हालचालीत आहे. म्हणून दातांची निगा आणि टूथब्रशचा इतिहास यांवरचे प्रदर्शन हात लावून, करून पाहण्याचे असावे, असे मला मनापासून वाटते.

अशा प्रदर्शनाची सुरुवात काडीपासून व्हावी. टोक चावून कुंचल्यासारखे केलेली काडी माणूस हजारो वर्षांपासून वापरत आला आहे, आणि पीलूच्या झाडाची काडी, म्हणजे मिस्वाक, आजही अनेक देशांत वापरात आहे. त्याच टेबलावर केस बसवलेल्या ब्रशची प्रतिकृती ठेवावी. असा ब्रश प्रथम चीनमध्ये तयार झाला. 1223 साली चीनला गेलेले जपानी बौद्ध भिक्षू दोगेन यांनी तो पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे. मात्र त्यांचा स्वतःचा कल धर्मनियमांत सांगितलेल्या काडीकडेच राहिला. नवे साधन चांगले असले तरी लोक ते लगेच स्वीकारतात असे नाही, हे या एका नोंदीतून फार सुरेख कळते.

इंग्लंडमध्ये 1780 च्या सुमारास विल्यम ॲडिस यांनी ब्रशचे उत्पादन सुरू केले. हा भाग घाईने उरकू नये. गुरांच्या हाडाची मूठ घासून गुळगुळीत करायची, तिच्या टोकाला बारीक छिद्रे पाडायची आणि डुकराच्या राठ केसांचे झुबके दुमडून तारेने त्या छिद्रांत ओढून घट्ट बसवायचे, असे हे काम होते. जाड दोरा आणि छिद्रे पाडलेली लाकडी पट्टी दिली, तर एक तरी झुबका प्रेक्षकाला स्वतः ओवून पाहता येईल. एका ब्रशमागे किती कष्ट होते, हे त्याच्या बोटांनाच समजेल. शेजारी पाण्याचे भांडे आणि भिंग असावे. जनावराचे केस पाणी धरून ठेवतात, उशिरा वाळतात आणि त्यांत जंतू टिकतात. नायलॉनचे तंतू लवकर कोरडे होतात. नायलॉनचा ब्रश 1938 साली अमेरिकेत विक्रीला आला. सुरुवातीचे हे तंतू फार कडक होते. मऊ तंतूंचे ब्रश मिळण्यासाठी लोकांना 1950 च्या दशकाची वाट पाहावी लागली, ही गोष्ट हिरड्यांच्या दृष्टीने नायलॉनच्या शोधाइतकीच महत्त्वाची आहे.

ब्रशने काढायचे काय, हे दाखवण्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा. 1683 साली डच सूक्ष्मदर्शक-संशोधक लेव्हेनहूक यांनी आपल्याच दातांवरचा पांढरट थर तपासला आणि त्यात हालणारे सूक्ष्म जीव दिसल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. याच थरातले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या आवरणातली, खनिजे विरघळू लागतात. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असूनही दात किडतो तो यामुळे. हा थर दाखवणारा रंग दातांच्या मोठ्या प्रतिकृतीवर लावून प्रेक्षकाला ब्रश करायला सांगावे. दातांच्या समोरच्या बाजू चटकन स्वच्छ होतात, पण हिरडीलगतची कड आणि मागच्या दाढांची आतली बाजू बहुतेकांच्या हातून रंगीतच राहते. ब्रश हिरडीच्या कडेशी साधारण 45 अंशांत तिरका धरून छोट्या हालचालींनी फिरवला, की तो रंगही निघू लागतो. हा फरक डोळ्यांदेखत घडतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रदर्शनात याहून मोलाचे दुसरे काही नाही.

पुढच्या टेबलावर एक वजनकाटा ठेवावा आणि रोजच्या सवयीने त्यावर ब्रश दाबायला सांगावे. सुमारे 150 ग्रॅमचा दाब पुरेसा असतो. कित्येकांचा काटा त्याच्या बराच पुढे जातो. जोर लावून घासल्याने हिरड्या मागे सरकतात आणि उघड्या पडलेल्या मुळांना थंड पदार्थ झोंबू लागतात.

शेवटचे टेबल लहान मुलांच्या पालकांसाठी राखावे, आणि तिथे त्यांनी नेहमी घेतात तेवढी पेस्ट ब्रशवर काढून दाखवावी. फ्लोराइड इनॅमलला आम्लापासून वाचवते, त्यामुळे ते असलेली पेस्ट हवीच. परंतु तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच पुरते. मुलाने ती गिळू नये, थुंकावी, आणि त्यानंतर भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर आणखी काही वेळ राहते.