किंग काउंटीचा कारभारी

मंडळी, आपल्यातले बहुतेक जण अमेरिकेत सिएटलजवळ रेडमंड, बेलव्ह्यू, सॅमामिश या बाजूला, म्हणजे किंग काउंटीत राहतात. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. सिएटलचा महापौर कोण, हे आपण चटकन सांगतो. गव्हर्नरही ठाऊक असतो. पण आपण ज्या बसने कामाला जातो ती बस, घरातलं सांडपाणी जिथे शुद्ध होतं ते केंद्र, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य विभाग हे सगळं ज्याच्या हाताखाली चालतं, त्या काउंटी एक्झिक्युटिव्हचं नाव विचारलं की आपण एकमेकांकडे बघतो. जवळपास २३ लाख लोकांच्या काउंटीचा हा कारभारी. मला या पदाबद्दल आपुलकी आहे, कारण ते मतदारांनी मत देऊन निर्माण केलं, आणि पटलं नाही तेव्हा मत देऊनच बदलून घेतलं.

काउंटी स्थापन झाली डिसेंबर १८५२ मध्ये. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षं तीन कमिशनर कारभार पाहत होते. नियम करणारे तेच, पैसे मंजूर करणारे तेच आणि खाती चालवणारेही तेच. रस्ता खचला तर जाब विचारायचा कुणाला? तिघांकडे बोट दाखवता येत होतं, म्हणजे नेमकं कुणाकडेच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बोइंगमुळे माणसं वाढली, उपनगरं पसरली आणि ही जुनी घडी अपुरी पडू लागली. काउंटीला स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली, लिहिता यावी, अशी दुरुस्ती वॉशिंग्टन राज्याच्या घटनेत १९४८ साली झाली होती. १९५२ मध्ये किंग काउंटीत तसा प्रयत्न झाला, पण मतदारांनी तो साफ नाकारला. १९६७ मध्ये पुन्हा सनद लिहिण्यासाठी माणसं निवडली गेली. नोव्हेंबर १९६८ मध्ये सनद मंजूर झाली आणि १ मे १९६९ पासून लागू झाली. तीन कमिशनर गेले, त्यांच्या जागी कारभार बघायला एक एक्झिक्युटिव्ह आणि नियम करायला काउंटीची परिषद आली.

तारीख बघा, १ मे. आपल्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदाही १ मेलाच सुरू झाल्या, १९६२ साली. पण दोन्हीकडची वाट वेगळी होती. आपल्याकडे अध्यक्षाला निवडतात ते परिषदेचे सदस्य, मुख्य कार्यकारी अधिकारी येतो राज्य सरकारकडून, आणि कलेक्टर तर परिषदेच्या बाहेरच. इथे एक्झिक्युटिव्हला मतदार थेट निवडतात. खातेप्रमुख तो नेमतो, काउंटीची परिषद त्यांना मान्यता देते. अर्थसंकल्प तो मांडतो, परिषद मंजूर करते. परिषदेचा ठराव त्याला पटला नाही तर तो नकाराधिकार वापरतो, आणि तो मोडायला आज ९ पैकी ६ मतं लागतात. अधिकार आणि जबाबदारी एकाच माणसाच्या पदरात. आपल्या जिल्हा परिषद अध्यक्षाच्या वाट्याला हे कधीच आलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिली निवडणूक रंगली. माजी गव्हर्नर अल्बर्ट रोझेलिनी यांना हरवून जॉन स्पेलमन निवडून आले. ते आधी त्या तिघा कमिशनरांपैकीच एक होते. १२ वर्षं ते या खुर्चीत राहिले आणि पुढे गव्हर्नर झाले. किंगडोम स्टेडियम १९७६ मध्ये उघडलं ते त्यांच्याच काळात. २००० साली ते सुरुंग लावून पाडलं. मला मात्र स्टेडियमपेक्षा १९७९ ची गोष्ट मोलाची वाटते. शेतजमिनीवर इमारती चढवण्याचा हक्क शेतकऱ्यांकडून विकत घ्यायचा आणि जमीन कायमची शेतीला राखायची, यासाठी मतदारांनी ५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. जमीन शेतकऱ्याचीच राहिली, फक्त तिच्यावर वसाहत उभारायचा मार्ग बंद झाला.

पदाला खरं वजन आलं १९९४ मध्ये, आणि तेही न्यायालयामुळे. १९५८ पासून मेट्रो नावाची वेगळी संस्था होती. लेक वॉशिंग्टनमध्ये सांडपाणी जात होतं, ते थांबवण्यासाठी ती निघाली. पुढे बससेवाही तिच्याकडे आली. काम उत्तम, पण तिचं मंडळ बहुतांशी गावोगावच्या पदाधिकाऱ्यांचं. लहान गाव आणि मोठं शहर यांच्या मतांचं वजन लोकसंख्येशी जुळत नव्हतं. १९९० मध्ये फेडरल न्यायाधीश विल्यम ड्वायर यांनी ही रचना घटनाबाह्य ठरवली, कारण एक माणूस, एक मत हे तत्त्व तिथे पाळलं जात नव्हतं. १९९२ मध्ये मतदारांनी विलीनीकरणाला कौल दिला आणि १ जानेवारी १९९४ पासून बस आणि सांडपाणी दोन्ही काउंटीकडे आले. नुकतेच निवडून आलेले गॅरी लॉक यांच्या हाती एकदम केवढा तरी मोठा संसार आला. तेही पुढे गव्हर्नर झाले.

त्यांच्या जागी आले रॉन सिम्स. काउंटी परिषदेचे सदस्य असताना, १९८६ मध्ये, त्यांनी ब्रूस लेंग यांच्यासोबत ठराव आणला की ही काउंटी गुलाम बाळगणारे उपराष्ट्राध्यक्ष विल्यम रूफस किंग यांच्या नव्हे, तर मार्टिन लूथर किंग यांच्या नावाची मानावी. ठराव ५ विरुद्ध ४ असा, एका मताने, मंजूर झाला. आज काउंटीच्या प्रत्येक पत्रावर दिसतो तो चेहरा मार्टिन लूथर किंग यांचाच.

मतदारांनी या पदाला दिलं तसं काढूनही घेतलं. १९६९ च्या सनदेने शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, नेमणुकीचा केला. १९९६ मध्ये लोकांनी ठरवलं, शेरीफ आम्हीच निवडणार. २०२० मध्ये पुन्हा मत बदललं, आणि २०२२ पासून नेमणूक परत एक्झिक्युटिव्हकडे आली. २००८ मध्ये पक्षाचं लेबलही निघालं, आता मतपत्रिकेवर नुसतं नाव असतं. अशी धरसोड बघून काही जण वैतागतात. मला ती जिवंतपणाची खूण वाटते.

डाउ कॉन्स्टंटाइन यांनी २००९ पासून १५ वर्षांहून अधिक काळ हे पद सांभाळलं. इतका काळ दुसरं कुणी राहिलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये गिर्माय झहिले निवडून आले, इथिओपियातून निर्वासित झालेल्या कुटुंबातले. त्यांची मुदत मात्र चार वर्षांची नाही. विषम वर्षी मतदानाला माणसं कमी येतात, म्हणून काउंटीच्या निवडणुका सम वर्षी घ्याव्यात, असा कौल मतदारांनी २०२२ मध्ये दिला. त्यामुळे झहिले यांना तीनच वर्षं मिळाली आहेत. पुढचं मतदान २०२८ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानासोबत, त्याच मतपत्रिकेवर.