रिसेप्टरच्या अवतीभवती

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी)

या एलएनकॅप पेशी. अमेरिकेतल्या बफेलो शहरात १९७७ साली, प्रोस्टेटचा कर्करोग लसिकाग्रंथीत पसरलेल्या एका ५० वर्षांच्या रुग्णाच्या शरीरातून त्या मिळाल्या. त्यांचे वंशज आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत.

(दृश्य : हिरवा प्रकाश)

हिरवं चमकतंय ते ॲन्ड्रोजन रिसेप्टर, पुरुषी संप्रेरक ओळखणारं प्रथिन. संप्रेरक अजून घातलेलं नाही, म्हणून रंग पेशीभर पसरलाय. आता डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घातलं. बघा, हिरवा रंग पेशीकेंद्रात गोळा होतोय. तासाभरात घडणारी ही हालचाल आपण काही सेकंदांत पाहतोय.

पण रिसेप्टर हे एकटं करत नाही. संप्रेरक येईपर्यंत त्याला योग्य घडीत धरून ठेवतं एचएसपी९० हे प्रथिन.

(दृश्य : फिल्मवरचे काळे पट्टे)

पट्टा जितका गडद, तितकं पेशींत ते प्रथिन जास्त. डावीकडचा गडद पट्टा रिसेप्टरचा. उजवीकडच्या पेशींत एचएसपी९० चं काम औषधानं बंद पाडलंय. पट्टा जवळजवळ पुसला गेलाय. आधार सुटला की पेशी रिसेप्टरच मोडीत काढते. अशी औषधं रुग्णांनाही देऊन पाहिली, पण फारसा गुण आला नाही.

(दृश्य : ॲनिमेशन, पेशीकेंद्राच्या आत)

आत घट्ट गुंडाळलेला डीएनए आहे. फॉक्सए१ हे प्रथिन तो सैल करतं, रिसेप्टर तिथे बसतं, आणि मग एसआरसी-३ आणि पी३०० ही मदतनीस प्रथिनं येऊन जनुकं जोरात चालू करतात. रक्ततपासणीत ज्याचा आकडा पाहतात, त्या पीएसएचं जनुकही त्यांतलंच. गाठ वाढवणारी जनुकंही याच वाटेनं जागी होतात. या मदतनिसांचं प्रमाण वाढलं, की थोडंसं संप्रेरकही गाठीला पुरतं. म्हणूनच नजर रिसेप्टरइतकीच त्यांच्यावरही हवी, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

त्यांना आवरणारंही एक प्रथिन आहे, एसपीओपी. टाकाऊ सामानावर चिठ्ठी डकवावी तसं ते एसआरसी-३ वर, खुद्द रिसेप्टरवरही युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतं. खूण लागलेलं प्रथिन पेशी नष्ट करते. प्रोस्टेट कर्करोगाच्या साधारण १० टक्के गाठींत एसपीओपीच्या जनुकात बिघाड असतो. बिघडलेल्या एसपीओपीला आपलं सावज पकडताच येत नाही. खूण लागत नाही, मदतनीस साचत जातात.

(दृश्य : शिकागो विद्यापीठ, जुनं छायाचित्र)

पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडला की हा कर्करोग ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं; १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही उपचाराचा पाया तोच. हाडं ठिसूळ होणं, अंगातून गरम वाफा येणं, थकवा हे त्रास त्यासोबत येतात, आणि पसरलेला आजार बहुतेकांत पुन्हा उसळतो.

(दृश्य : औषधाच्या कुप्या, संशोधकांचे हात)

आता पी३०० ला रोखणारी औषधं रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचली आहेत.