पुठ्ठ्यावरचं सेंट आईव्ह्ज

श्रोतेहो, नमस्कार. समुद्रकाठच्या गावाचं साधंसुधं, लोकचित्रासारखं चित्र म्हटलं की आल्फ्रेड वॉलिसचं नाव घ्यावंच लागतं.

1928 चा ऑगस्ट. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं सेंट आईव्ह्ज बंदर. बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे दोन तरुण चित्रकार किनाऱ्यावरून परतत होते. गल्लीत एका घराचं दार उघडं दिसलं. आत भिंतभर चित्रं: गलबतं, घरं, दीपगृह. पुठ्ठ्याच्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर काढलेली आणि थेट भिंतीला ठोकलेली. त्यातही सगळ्यात लहान चित्रांना सगळ्यात मोठे खिळे! घर वॉलिसचं. वय सत्तरीपुढे. तरुणपणी शिडाच्या जहाजांवर न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आलेला, पुढे बोटींच्या भंगाराचा धंदा केलेला. 1922 साली बायको गेली, त्यानंतर सोबतीला म्हणून हातात कुंचला घेतलेला. नंतर केंब्रिजमध्ये केटल्स यार्ड हे कलादालन उभारणारे जिम ईड त्याच्याकडून टपालाने चित्रांचे गठ्ठे मागवू लागले. एका चित्राला एक ते तीन शिलिंग. तरीही 1942 मध्ये वॉलिस गेला तो निराधार गरिबांसाठीच्या आश्रयगृहात, हे मनाला फार लागतं.

त्याच्या चित्रात महत्त्वाचं ते मोठं, बिनमहत्त्वाचं ते लहान. पुन्हा सांगतो, महत्त्वाचं ते मोठं. होडीपेक्षा मासा मोठा आला म्हणून शाळेत मुलांचे गुण कापतात, ते तेवढं थांबवायला हवं.

रंग बोटींना लावायचा, तोही मोजका: काळा, पांढरा, हिरवा, करडा, तपकिरी. पुष्कळदा पुठ्ठा तसाच उघडा सोडायचा, की झाली वाळू.

घरी करून बघायचं असेल तर खोक्याचा पुठ्ठा घ्या. कोऱ्या पुठ्ठ्यावर तेलरंग थेट लावू नका. पुठ्ठा तेल पिऊन टाकतो, वर रंगाची भुकटी उरते आणि पुठ्ठा ठिसूळ होतो. आधी पारदर्शक अॅक्रिलिक मीडियमचे, म्हणजे रंग नसलेल्या अॅक्रिलिकचे, दोन पातळ हात द्या, म्हणजे खालचा तपकिरी रंग दिसत राहील. हात दोन्ही बाजूंना द्या, बरं का, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला दिलात तर पुठ्ठा वाकतो. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यायचा. आणि चित्र टांगताना खिळा मात्र चित्रातून ठोकू नका, मागे दोरी चिकटवा.