त्यांना काही सांगू नका हं

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय ‘कॅन्सरबद्दल घरात कसं बोलावं’. शनिवारी संध्याकाळी एवढी माणसं आलीत, म्हणजे घराघरात ही गोष्ट आहेच, कुणी बोलत नाही इतकंच.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगत असते. पेशंटपासून आजार लपवला की सगळ्यात जास्त हाल लपवणाऱ्याचे होतात. पेशंटला बहुतेक वेळा कळलेलंच असतं हो. पण जी बायको, जी मुलगी ते पोटात ठेवून घरभर हसत फिरते तिला रडायलासुद्धा जागा उरत नाही.

मी अधूनमधून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन बसते. टाटाला ट्रीटमेंट चालू असलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे उतरतात, कुणी परभणीचं, कुणी बिहारचं. तिथे अनोळखी माणसं सरळ विचारतात, तुमचं कुठलं? आमचं घशाचं, तिसरी केमो झाली, तुम्हाला लाईट, म्हणजे रेडिएशन, कधी देणार? वाटीतली भाजी वाटून खाताखाता हे बोलणं चालतं. आणि आपल्याकडे टू बीएचकेत सख्खी माणसं दार लावून कुजबुजतात.

आता बघा, टाटा हॉस्पिटल परळला २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, आपल्याकडेही उपचारांची सोय व्हावी असं त्यांच्या पतींच्या, सर दोराबजींच्या मनात होतं, तेही पुढच्याच वर्षी गेले, आणि पुढे त्यांच्या ट्रस्टने ते उभं केलं. कॅन्सरच्या पेशंटची रीतसर नोंदणी देशात पहिल्यांदा मुंबईतच सुरू झाली, १९६३ मध्ये. एवढं सगळं आपल्या दारात असून आपण अजून ‘त्यांना ते हे झालंय’ असंच म्हणतो.

माझ्या काकांचं सांगते. थोडं लांबेल, पण त्याशिवाय मुद्दा पोचणार नाही. काका लालबागला चाळीत राहायचे, बेस्टमध्ये कंडक्टर होते. परळच्या रस्त्याने गाडी जायची, हातात फाईल आणि तोंडावर रुमाल धरलेली माणसं त्यांनी जन्मभर बघितलेली, कित्येकांना उतरताना हात दिलेला. त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी काकांना बाहेर बसवलं आणि रिपोर्ट काकूला सांगितला. मग घरात ठरलं, अल्सर म्हणायचं. आता मला सांगा, ज्या माणसाने इतकी वर्षं त्या स्टॉपवर घंटी मारली त्याला त्याच स्टॉपवर उतरवून तुम्ही अल्सर सांगणार?

काकूने ते निभावलं. कसं निभावलं ते ऐका. चाळीत पाणी पहाटे यायचं. पाणी आलं की ही मोरीत जायची, नळ पिंपात मोठा सोडायची आणि त्या आवाजात रडून घ्यायची, पिंप भरलं की पदराने तोंड पुसून चहाचं आधण ठेवायची. शेजारीण विचारायची डोळे का सुजलेत, तर सर्दी. बहिणीला सांगितलं नाही, ती बोलून टाकेल म्हणून. मुलाची बारावी होती म्हणून त्यालाही नाही. अख्ख्या चाळीत त्या बाईला बोलायला एक माणूस नाही. माझा राग इथे आहे. काकांची काळजी दहा जण करत होते, काकूला तू जेवलीस का एवढं विचारणारंही कुणी नव्हतं, कारण गुपित नीट सांभाळायची शाबासकी तेवढी तिला मिळत होती.

या दोघांचं रोज संध्याकाळी रिमोटवरून वाजायचं, तिची सिरीयल आणि यांची मॅच. एक दिवस मी गेले तर मॅच लावलेली आणि रिमोट काकांच्या मांडीवर. काकू आत गेली तशी काका मला म्हणाले, “तुझी काकू हल्ली भांडत नाही माझ्याशी. किती दिवस राहिलेत गं?” मी म्हटलं, “दिवस मला माहीत नाहीत काका. आजार काय आहे ते तुम्हाला माहितीय ना?” ते म्हणाले, “पहिल्याच दिवशी कळलं. तिला झेपणार नाही म्हणून गप्प बसलो.” मी तिथूनच काकूला हाक मारली. ती आली, तिने ऐकलं, आणि जी भांडली, बाप रे! “एवढे दिवस माहीत होतं आणि मला एकटीला रडू दिलंत?” गॅलरीत माणसं जमली. मग दोघंही रडले, आणि त्या रात्री काकू कित्येक दिवसांनी सलग झोपली. त्यानंतर काका काही महिने होते. बँकेच्या खात्यावर काकूचं नाव लागलं, मुलाला शेजारी बसवून सगळं सांगितलं, चिपळूणला गणपतीत जाऊन आले. हे सगळं बोलल्यामुळे झालं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता धावतच घ्यावा लागणार.

आपली संस्कृतीच अशी आहे, आपण सांगत नाही, असं म्हणतात. अमेरिकेत १९६१ मध्ये डॉक्टरांना विचारलं तेव्हा दहातले नऊ म्हणाले, आम्ही शक्यतो पेशंटला सांगत नाही. १९७९ मध्ये पुन्हा विचारलं तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. तेव्हा हे बदलतं.

सांगायचं म्हणजे रिपोर्ट तोंडावर आपटायचा नाही. आधी पेशंटला विचारा, तुम्हाला किती कळलंय, अजून किती कळायला हवंय. कुणी म्हणालं मला नको सांगू, मुलीशी बोला, तर तोही त्याचा हक्क आहे, फक्त ते त्याने ठरवलेलं असू दे. आणि काकांचं ऐकून घाबरू नका, बरे होणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचेही केमोत केस जातात, ते अल्सरने गेले असं कसं सांगणार?

लहान मुलांनाही सांगा, त्यांच्या वयाला झेपेल एवढं. नाहीतर त्यांना वाटतं आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. ताट-वाटी वेगळी काढू नका, कॅन्सर असा लागत नाही. मुलीचं लग्न अडेल म्हणून आईचा आजार लपवतात, तर आनुवंशिक कॅन्सर शंभरात पाच ते दहाच असतात, तशी शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. तंबाखू खाल्लीत, भोगा आता, हे पेशंटच्या उशाशी बसून कुणीही बोलायचं नाही.

भेटायला जाल तेव्हा ‘काही होणार नाही’ म्हणू नका, आमच्या शेजाऱ्यांचं असंच झालं होतं ही गोष्टही नको. घरातल्या बाईला बाजूला घ्या, विचारा झोप होते का, एखाद्या दिवशी हॉस्पिटलच्या लाइनीत तिच्याऐवजी तुम्ही उभे राहा, डबा द्या, आणि ती बोलायला लागली की तिला मधे तोडू नका.

झाली वेळ. मी खाली चहापाशी थांबतेय, ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांनी तिथे या, माझी शेवटची लोकल उशिराची आहे.